शौकाची कबुतरं : पहिली जोडी लावण्याआधी आणि लावल्यानंतर

‘कबुतरं पाळायची आहेत, सुरुवात कुठून करू?’ असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, कबुतराकडून तुम्हाला काय हवंय? देखणेपण, उडणं की कसरत? बहुतेक नवखे म्हणतात, ‘तिन्ही.’ इथेच पहिली चूक होते. पुढचं सगळं, म्हणजे ढाबळ कशी बांधायची, पक्षी कुठून आणायचे, जोडी कोणाशी लावायची, हे एका उत्तरावर ठरतं. ते उत्तर ठरवल्याशिवाय एकही कबुतर घरी आणू नका.

देखण्या जातींत लक्का सगळ्यांना ठाऊक असतो. साध्या कबुतराच्या शेपटीत १२ पिसं असतात, लक्क्याच्या शेपटीत ३० किंवा त्याहून जास्त, म्हणून ती पंख्यासारखी उभी राहते. जॅकोबिनच्या मानेभोवती पिसांची झूल असते, पाउटर गळ्यात हवा भरून फुगा करतो, फ्रिलबॅकच्या पंखांवर कुरळी पिसं येतात. उडणाऱ्यांत टिपलर, हायफ्लायर आणि घरी परतणारे होमर. चांगला तयार केलेला टिपलर एका दमात २० तासांहून अधिक हवेत राहिल्याच्या नोंदी आहेत. कसरत करणाऱ्यांत हवेत कोलांट्या घेणारे रोलर आणि टंबलर, म्हणजे आपण ज्यांना गिरेबाज म्हणतो ते, आणि जमिनीवरच कोलांट्या खाणारे लोटन.

हे सगळे एकाच पारव्याचे वंशज आहेत यावर विश्वास बसत नाही. चार्ल्स डार्विनने १८५५ पासून स्वतः कबुतरं पाळली आणि १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात त्यांच्यावर सविस्तर लिहिलं. निदान वीस जाती अशा निवडता येतील, की त्या रानटी आहेत असं सांगितलं तर पक्षितज्ज्ञ त्यांना वेगवेगळ्या प्रजाती ठरवेल, असं त्याचं म्हणणं. हा फरक माणसाने पिढ्यान्‌पिढ्या जोड्या निवडून पाडला आहे. निवड सैल झाली की तो पुसलाही जातो. उडणाऱ्या रोलरची पैदास नुसत्या रूपावर करत गेलं की काही पिढ्यांत कोलांटी जाते. म्हणून प्रदर्शनाचे रोलर आणि उडवायचे रोलर हे आज जवळजवळ वेगळे पक्षी झाले आहेत. एका ढाबळीत एक जात, एक उद्देश. निदान पहिली तीन वर्षं तरी.

ढाबळ

तीनच गोष्टी लक्षात ठेवा : कोरडी, हवेशीर, उजेडाची. कबुतराला थंडी सोसते, ओल सोसत नाही. तोंड सकाळच्या उन्हाकडे असावं, वरच्या बाजूला हवा बाहेर जायला जागा असावी, पण बसलेल्या पक्ष्यावर थेट झोत येऊ नये. जाळी अर्ध्या इंचाची, म्हणजे उंदीर-घुशी शिरणार नाहीत. नेहमीच्या एक-दीड इंची जाळीतून उंदीर सहज आत येतो, दाणा घाण करतो आणि लहान पिल्लंही नेतो.

प्रत्येक पक्ष्याला बसायची स्वतःची जागा हवी. जागा कमी पडली की भांडणं, भांडणातून फुटलेली अंडी, आणि दाटीतून आजार. प्रत्येक जोडीला साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच-खोल असा एक कप्पा द्या आणि त्या कप्प्यात अंड्यांसाठी दोन पसरट कुंड्या ठेवा. दोन का, ते पुढे येईलच. पैदाशीच्या कप्प्यांपासून वेगळी एक खोली किंवा मोठा पिंजरा सुट्या झालेल्या, म्हणजे आई-बापांपासून वेगळ्या केलेल्या पिल्लांसाठी राखा. नवखे हीच जागा विसरतात.

आणखी एक, हे गांभीर्याने घ्या. कबुतरांच्या पिसांची आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. झाडताना नीट बसणारा मास्क लावा, कोरडी विष्ठा खरवडण्याआधी थोडं पाणी शिंपडा. ढाबळीतून आल्यावर कोरडा खोकला, ताप किंवा धाप लागू लागली तर डॉक्टरांना ‘मी कबुतरं पाळतो’ हे आवर्जून सांगा.

पक्षी निवडणं

जो माणूस तुमच्याच उद्देशाने कबुतरं पाळतो, त्याच्याकडूनच घ्या. रोलर हवेत तर त्याचा थवा हवेत पाहिल्याशिवाय एकही पक्षी घेऊ नका. दहा ठिकाणांहून दहा सुंदर पक्षी गोळा करण्यापेक्षा एकाच चांगल्या घराण्यातल्या तीन-चार जोड्या घेणं केव्हाही चांगलं. त्यांचे गुण एका साच्याचे असतात, पिल्लं काय निघतील याचा अंदाज येतो. विखुरलेल्या रक्तातून पहिल्या वर्षी एखादं अप्रतिम पिल्लू निघतं खरं, पण त्याची पिल्लं मात्र कशावरही जातात.

पक्षी हातात घेऊन पाहा. छातीचं मधलं हाड सरळ आणि भरलेलं असावं, सुरीसारखं टोचू नये. चोचीच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा कोरडा, स्वच्छ असावा. चोच उघडून घशात पाहा. पिवळसर, पनीरसारखा थर दिसला तर तो पक्षी परत ठेवा. शेपटीखालची पिसं स्वच्छ हवीत. पंख उलगडून टोकाकडची दहा मोठी पिसं मोजा. पायातल्या कड्यावरचा क्रमांक आणि वर्ष तिथेच वहीत लिहा, आई-बाप कोण ते विचारा.

घरी आणल्यावर महिनाभर वेगळं ठेवायचं, भांडीही वेगळी, आणि दाणा-पाणी सगळ्यात शेवटी तिथे. हा महिना कितीही लांब वाटला तरी टाळू नका. एकदा मी दहाव्या दिवशीच तीन पक्षी मुख्य ढाबळीत सोडले, आणि त्या हंगामातली निम्मी पिल्लं गेली.

बाहेरून आणलेला पूर्ण वाढलेला पक्षी कधीही उडायला सोडू नका. त्याच्या डोक्यात जुनं घर पक्कं असतं. त्याला पैदाशीसाठी बंद ठेवायचं, उडवायची ती तुमच्या ढाबळीत जन्मलेली पिल्लं.

दाणा-पाणी

एका मध्यम आकाराच्या कबुतराला दिवसाला ३० ते ४० ग्रॅम दाणा पुरतो. गहू, मका, ज्वारी, बाजरी यांच्यात वाटाणा, मूग, मसूर यांसारखी कडधान्यं आणि थोडी करडई, असं मिश्रण. पिल्लांच्या दिवसांत कडधान्यं वाढवा, रिकाम्या दिवसांत कमी करा. शिंपल्यांचा चुरा आणि बारीक खडे बाराही महिने समोर हवेत. अंड्याचं कवच त्यातून बनतं आणि पोटातला दाणा खड्यांनी दळला जातो. पाणी रोज बदला. आठवड्यातून एकदा आंघोळीला पसरट ताट ठेवा.

जोडी लावणं

नर-मादी दिसायला सारखेच असतात. नर सहसा थोराड, मानेने जाड. तो मान फुगवून घुमतो, गोल गोल फिरतो, शेपटी जमिनीवर घासत मादीच्या मागे जातो. पण धीट माद्याही घुमतात, त्यामुळे फसायला होतं. कुंडीत दोनऐवजी चार अंडी दिसली तर दोन माद्यांचीच जोडी लागली आहे असं समजा.

वय सहा महिन्यांचं झालं की कबुतर पैदाशीला येतं, पण घाई करू नका. देखण्या जातींत पहिली पूर्ण पीसझड होऊन खरं रूप दिसेपर्यंत थांबा. रोलरच्या बाबतीत तर मी किमान दोन हंगाम उडवल्याशिवाय जोडी लावत नाही. वर्षभर छान कोलांटी घेणारा पक्षी पुढच्या वर्षी कोलांटी आवरू न शकल्याने जमिनीवर आपटू लागतो. तोपर्यंत त्याची सहा-आठ पिल्लं झालेली असली, तर तोच दोष अर्ध्या थव्यात पेरलेला असतो.

जोडी तुम्ही ठरवायची, पक्ष्यांवर सोडायची नाही. मधे जाळी असलेल्या पिंजऱ्यात एका बाजूला नर आणि दुसऱ्या बाजूला मादी चार-पाच दिवस ठेवा. जाळीपाशी एकमेकांजवळ बसू लागले, नर घुमला की मादी मान डोलावू लागली, की जाळी काढा. नर मादीच्या डोक्यावर रक्त येईस्तोवर चोच मारू लागला तर लगेच वेगळं करा आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहा. जुनी जोडी तोडून नवी लावायची असेल तर आधीचा जोडीदार दिसणार नाही, त्याचा आवाजही येणार नाही असा दूर ठेवा.

आता कोणाशी कोणाला जोडायचं. एकच दोष असलेले दोन पक्षी कधी एकत्र आणू नका. आणि उलट्या दोषाने दोष झाकला जात नाही. फार लांब चोचीच्या पक्ष्याला फार आखूड चोचीचा जोडीदार दिला की दोष कायमचा गेला असं समजू नका. दोषाच्या समोर त्या बाबतीत निर्दोष पक्षीच ठेवायचा.

जवळच्या रक्तात जोडी लावायची का? आजोबा-नात, सावत्र भाऊ-बहीण अशा जोड्यांनी घराण्याचा गुण पक्का होतो, आणि जाणकार तसं करतात. सख्ख्या भाऊ-बहिणींची जोडी नवख्याने लावू नये. अंड्यांत गर्भ असूनही पिल्लं बाहेर येईनाशी झाली, किंवा पिल्लं मरतुकडी निघू लागली, की रक्त फार जवळ आलं असं समजून त्याच घराण्याच्या दूरच्या शाखेतून पक्षी आणा.

लक्क्याच्या शेपटीखालची पिसं दाट असली तर मिलन नीट होत नाही आणि अंडी रिकामी जातात. जोडी लावताना विष्ठाद्वाराभोवतालची पिसं कातरून घ्या. पायांवर लांब पिसांचे मोजे असलेल्या जातींत तीही कातरा, नाहीतर पिसांत अडकून अंडी कुंडीबाहेर येतात.

रंगांचं थोडं गणित

याची धास्ती घेऊ नका, दोन-तीन नियम पुरतात. कबुतराचे मूळ रंग तीन : राखी-लाल, निळा-काळा आणि तपकिरी. याच क्रमाने एक दुसऱ्यावर वरचढ. या रंगांची जनुकं लिंगाच्या गुणसूत्रावर असतात. नराकडे त्यांच्या दोन प्रती असतात, मादीकडे एकच. मादी आपला रंग फक्त मुलांना देते, मुलींना तो बापाकडूनच मिळतो. म्हणून निळा नर आणि राखी-लाल मादी अशी जोडी लावली तर सगळी नर पिल्लं राखी-लाल आणि सगळ्या माद्या निळ्या. कुंडीतच नर-मादी ओळखता येतात. उलट जोडीत हे जमत नाही.

फिकट रंगाची पिल्लं जन्मतःच ओळखू येतात, त्यांच्या अंगावर पिवळी लव अगदी आखूड असते. डोक्यामागची शेंडी लपून राहणारा गुण आहे. दोन्ही आई-बापांकडून मिळाला तरच दिसतो, त्यामुळे दोन बिनशेंडीच्या पक्ष्यांना शेंडीचं पिल्लू झालं तर मादीवर संशय घेऊ नका. २०१३ मध्ये कबुतराच्या जनुकांचा नकाशा प्रसिद्ध झाला तेव्हा या शेंडीमागचं जनुकही सापडलं.

एक इशारा मात्र पक्का लक्षात ठेवा. आल्मंड रंगाचे, म्हणजे बदामी अंगावर गडद-फिकट ठिपके असलेले दोन पक्षी एकत्र कधीही लावू नका. त्यातून दुप्पट मात्रेचे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही हे जनुक मिळालेले जे नर निघतात, त्यांचे डोळे बहुधा सदोष असतात आणि ते फार जगत नाहीत. आल्मंडला नेहमी दुसऱ्या रंगाचा जोडीदार.

अंड्यापासून सुट्या पिल्लापर्यंत

जोडी जुळल्यापासून साधारण ८ ते १२ दिवसांत पहिलं अंडं येतं, बहुधा संध्याकाळकडे. दुसरं त्यानंतर सुमारे ४४ तासांनी, म्हणजे एक दिवस सोडून दुपारी. खरं उबवणं दुसऱ्या अंड्यानंतर सुरू होतं. सकाळी दहाच्या सुमारापासून दुपार कलेपर्यंत नर बसतो, बाकी सगळा वेळ मादी. ही पाळी बघत बसणं हा माझा सगळ्यात आवडता वेळ आहे. नर येऊन शेजारी उभा राहतो, मादी हळूच उठते आणि अंडी क्षणभरही गार पडत नाहीत.

सहाव्या-सातव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडावर अंडं धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर गर्भ आहे. आरपार स्वच्छ दिसलं तर रिकामं. दुसऱ्या अंड्यापासून १७-१८ दिवसांनी पिल्लं येतात.

यानंतर जे घडतं ते पक्ष्यांत फार थोड्यांकडे आहे. आई आणि बाप दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीच्या आतल्या आवरणातून दह्याच्या गुठळ्यांसारखं ‘दूध’ तयार होतं. प्रथिनं आणि स्निग्धांश यांनी भरलेलं. पहिले चार-पाच दिवस पिल्लू फक्त त्यावर जगतं, दोन दिवसांतच वजन दुपटीच्या आसपास जातं. मग हळूहळू दुधात भिजलेला दाणा मिसळू लागतो. हे दूध पिल्लं येण्याच्या दोन-तीन दिवस आधी तयार होतं, आणि त्याची वेळ अंड्यावर बसण्याच्या दिवसांवर ठरते. म्हणून एकाची अंडी दुसऱ्या जोडीखाली ठेवायची असतील तर दोन्ही जोड्यांनी अंडी घातलेल्या तारखांत एक-दोन दिवसांहून जास्त अंतर नको. तसं असलं तर पिल्लं दुधाआधीच बाहेर येतात किंवा दाई जोडी अंडी सोडून उठते.

दाई जोड्यांची गरज आखूड चोचीच्या जातींना पडते. त्यांची चोच इतकी लहान केली गेली आहे की स्वतःच्या पिल्लांना नीट भरवता येत नाही. माझं स्पष्ट मत असं, की नवख्याने पहिली काही वर्षं स्वतःची पिल्लं स्वतः वाढवणारीच जात घ्यावी. आई-बापांना पिल्लू भरवताना पाहिल्याशिवाय कबुतर कळत नाही.

सातव्या-आठव्या दिवशी पायात कडं घाला. पुढची तीन बोटं एकत्र धरून कडं त्यांवरून सरकवायचं आणि मागचं बोट अलगद बाहेर काढायचं. निसटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घाला. तीन-चार दिवस उशीर झाला तर ते जाणारच नाही. जातीप्रमाणे कड्याचा आकार वेगळा असतो, तो आधी विचारून घ्या. अशा बंद कड्यावर वर्ष आणि क्रमांक असतो, त्यामुळे पक्ष्याचं वय आणि ओळख कोणाला बदलता येत नाही. प्रदर्शनांत म्हणूनच ते मागतात.

पिल्लं अडीच-तीन आठवड्यांची झाली की मादी पुन्हा अंडी घालते. दुसरी कुंडी यासाठीच. ती नसली तर मादी पिल्लांच्याच कुंडीत अंडी घालते आणि ती तुडवली जातात. पिल्लू २८ ते ३५ दिवसांचं झालं, पंखाखालचा भाग पिसांनी भरला आणि स्वतः दाणा टिपू लागलं की वेगळं करा. पाण्यात त्याची चोच एकदा बुडवून दाखवा. पाणी कुठे आहे हे कळलं नाही म्हणून मेलेलं पिल्लू मी पाहिलं आहे.

वही

प्रत्येक पिल्लाचा क्रमांक, आई-बाप, अंड्याची आणि जन्माची तारीख, रंग, दोष, आणि मोठं झाल्यावर त्याने काय करून दाखवलं. रोजच्या रोज लिहा. तीन वर्षांनी कोणत्या जोडीने चांगली पिल्लं दिली हे आठवणीने सांगता येत नाही. मन नेहमी देखण्या पक्ष्याची बाजू घेतं.

उडवणं

पिल्लं सुटी झाली की लगेच सुरुवात करा. ढाबळीच्या वर किंवा दारासमोर जाळीचा पिंजरा ठेवून आठवडाभर रोज त्यात बसवा, म्हणजे आजूबाजूचा परिसर डोळ्यांत बसतो. पंखात पुरती ताकद येण्याआधी, भुकेल्या पोटी, संध्याकाळच्या दाण्याच्या तासभर आधी दार उघडा. हाकलू नका, दचकवू नका. दाणा देताना रोज एकच शिट्टी किंवा डब्याचा आवाज करत आला असाल तर त्या आवाजावर ती आत येतील. खाली उतरायची जागा दिसावी म्हणून पांढरे लक्के समोर सोडायची जुनी पद्धत आजही उत्तम चालते.

टिपलर तीन ते पाचच्या गटात उडवतात. त्यांचं सगळं तंत्र दाण्यात आहे. रोजच्या सरावात हलका दाणा, बहुतेक जव, आणि लांब उड्डाणाआधीचे काही दिवस पोषक मिश्रण. रोलरचा थवा १५ ते २० चा. कोलांटी काही महिन्यांनी सुरू होते, काहींची वर्षाने. पाहायचं ते हे : कोलांटी घट्ट आणि वेगवान आहे का, सरळ खाली येते का, आणि संपल्यावर पक्षी लगेच थव्यात परततो का. किती खोल खाली येतो याला नवखे फार भुलतात. जमिनीवर आपटणारा किंवा थव्याबाहेर एकटा फिरणारा पक्षी पैदाशीत घेऊ नका, त्याला बंद जागेत सुखाने राहू द्या.

लोटन उडवायचा नसतो. त्याला मऊ, सपाट जमिनीवर थोडाच वेळ ठेवायचं, आणि कोलांट्या थांबेनात तर लगेच हातात उचलून शांत करायचं.

बहिरी ससाणा थव्याची जागा आणि वेळ ओळखू लागला की वेळा बदला. तरी येत राहिला तर काही आठवडे दार बंद ठेवा.

प्रदर्शनाची तयारी

ही पिंजऱ्यात सुरू होते. दोन-तीन महिन्यांचा पक्षी रोज थोडा वेळ प्रदर्शनाच्या मापाच्या पिंजऱ्यात ठेवा, काठीने हळूच हलवून उभा करा, हाताची सवय लावा. पाउटर तर माणसाला पाहून फुगला नाही तर त्याचं सगळं सौंदर्य लपून राहतं, म्हणून त्याच्याशी रोज बोला. मोडलेलं पीस उपटलं तर नवं यायला सहा ते आठ आठवडे लागतात, हे तारखेवरून मागे मोजून ठरवा. आदल्या रात्री काही सुधारता येत नाही.

आजार

पॅरामिक्सोविषाणूची लस दरवर्षी टोचून घ्या. मान वाकडी होणं, दाणा टिपताना चोच चुकणं आणि पाण्यासारखी विष्ठा ही त्याची लक्षणं, आणि त्यावर औषध नाही. कबुतरांतला देवीचा रोग डासांमुळे पसरतो, तेव्हा ढाबळीजवळ पाणी साचू देऊ नका. घशातला पिवळा थर, सांधे किंवा पंख सुजणं, वजन उतरणं यांपैकी काही दिसलं तर विष्ठेचा नमुना घेऊन पशुवैद्याकडे जा. अंदाजाने प्रतिजैविकं पाण्यात घालू नका. पुढे खरी गरज पडते तेव्हा ती लागू पडत नाहीत.

हंगाम संपताना

एका जोडीकडून वर्षाला तीन वेळा पिल्लं पुरेत. चौथ्यांदा अंडी आली की प्लॅस्टिकची अंडी बदलून ठेवा. जोडी दोन-तीन आठवडे बसते आणि मादीचं शरीर विसावतं. अंडी नुसती उचलून घेतली तर ती आठवड्याभरात पुन्हा घालते आणि झिजत जाते. पीसझड जोरात सुरू होण्याआधी नर एका बाजूला, माद्या दुसऱ्या बाजूला करा. या काळात थोडी करडई-जवस वाढवा, आंघोळ वारंवार द्या आणि त्यांना त्रास देऊ नका. नवी पिसं पूर्ण यायला काही महिने लागतात. तेवढ्यात वही उघडून पुढच्या वर्षीच्या जोड्या कागदावर लावून पाहा.